थंडीनं हरणं मरतात म्हणजे नेमकं काय होतं? आणि आपल्या भेकरांचा ‘हिवाळा’ कुठला?

सड्यावरचा (गुहागर)

नमस्कार मंडळी. वन्यजीव सप्ताहासाठी शाळेत ‘हरीण आणि ऋतू’ असा तक्ता लावायचा आहे. अमेरिका-कॅनडाची माहिती चाळली तर सगळीकडे एकच गोष्ट: हिवाळा कडक गेला की हरणं घटतात आणि पुढच्या हंगामात शिकारीचे परवाने कापले जातात. कसं आणि का, ते कुणी नीट सांगत नाही. म्हणून विचारतो:

१) हरीण गारठून मरतं की उपाशी?
२) हिवाळा ‘कडक’ होता हे तिथल्या सरकारला कळतं कसं? रानात मेलेली हरणं मोजतं कोण?
३) शिकार झाल्यामुळे उरलेली हरणं हिवाळ्यात तगतात असंही वाचलं आणि शिकारीमुळेच संपतात असंही. खरं काय?
४) आपल्याकडे दापोलीत पारा १० च्या खाली गेला तर पेपरात बातमी येते. मग भेकर-सांबरांना मारणारा ऋतू कोणता? माझा अंदाज पावसाळा.

रानवाट

पहिल्या दोनांचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

गारठून मरणं फार क्वचित. उत्तर अमेरिकेतल्या व्हाइट-टेल हरणाच्या हिवाळी केसांच्या पोकळीत हवा असते आणि खाली बारीक लोकरीचा थर. पाठीवर पडलेलं बर्फ वितळत नाही, इतकी ऊब आतल्या आत राहते. मारते ती भूक, आणि तीही हळूहळू. पानगळ झाल्यावर उरतात त्या डहाळ्या, कळ्या आणि देवदार-सुरूच्या जातीच्या झाडांचा पाला. हे पोटभर खाल्लं तरी दिवसाचा खर्च निघत नाही. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल हा सगळा तोट्याचा व्यवहार, आणि तो भागवायचा शरदात अंगावर चढवलेल्या चरबीतून. म्हणूनच हरीण हिवाळ्यात आपणहून कमी खातं आणि कमी हलतं. बंदिस्त हरणांपुढे भरपूर चारा ठेवला तरी ती या दिवसांत खाणं कमी करतात.

धडधाकट मादी वजनाचा पाचवा हिस्सा घालवूनही वसंतात उभी राहते. तिसरा हिस्सा गेला की सावरणं कठीण. हिशेब असा असल्यामुळे मरणाचे महिने जानेवारी नव्हेत, मार्च-एप्रिल. जानेवारीत पारा उणे ३० ला गेला आणि मार्चमध्ये बर्फ उतरलं तर कळप तगतो. थंडी बेताची, पण बर्फ एप्रिलअखेरपर्यंत बसून राहिलं, तर ओळीनं मरतात.

थंडीपेक्षा बर्फ वाईट. थर ४० सेंमीच्या आसपास गेला की चालणं संपतं, प्रत्येक पाऊल ही उडी होते, आणि उडीला चरबी जळते. मग हरणं दाट सदाहरित झाडांखाली गोळा होतात. तिथे बर्फ कमी साचतं, वारा अडतो, तुडवून वाटा तयार होतात. तिकडे याला ‘यार्ड’ म्हणतात, आपण गोठण म्हणू. गोठणीत ऊब मिळते, पण मान पोचते तिथवरचा पाला काही आठवड्यांत साफ होतो. मोठ्यांना मागच्या पायांवर उभं राहून वरची डहाळी ओढता येते. पाडसाला ती मिळत नाही.

त्यात दिवसा बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठलं की वर कडक पापुद्रा धरतो. लांडगा आणि कोयोट (तिकडचा लांडग्याचा लहान भाऊबंद) रुंद पंजांवर त्यावरून पळतात, हरणाचा टोकदार खूर मात्र आत घुसतो. अशा आठवड्यात हरणांचा फडशा पडतो.

मरण्याचा क्रमही ठरलेला. आधी पाडसं, कारण वर्षभर खाल्लेलं वाढीत गेलेलं, चरबी साठलेलीच नसते. मग मोठे नर: नोव्हेंबरात माजावर असताना खाणं सोडून वणवण केलेली, हिवाळ्यात शिरतानाच खंगलेले. मग म्हाताऱ्या माद्या. भर वयातली मादी सगळ्यात शेवटी, पण तिच्या पोटातल्या पाडसाला फटका बसतो. ते कमी वजनाचं जन्मतं आणि बरीचशी पहिल्या काही दिवसांतच जातात.

मेलेलं हरीण भुकेनंच गेलं का, हे मांडीच्या हाडातल्या मगजावरून ओळखतात. चरबी आधी कातडीखालची जाते, मग पोटातली आणि मूत्रपिंडाभोवतीची, सगळ्यात शेवटी हाडातली. मगज पांढरा, घट्ट, तुपासारखा असेल तर जनावर खाऊन-पिऊन होतं, मरण्याचं कारण दुसरं शोधायचं. लालसर आणि जेलीसारखा थलथलीत असेल तर तिजोरीचा तळ लागलेला.

आता मोजणं. मेलेली सगळी हरणं मोजायला कोणी जात नाही, मोजतात तो हिवाळा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची पद्धत सोपी आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात पारा शून्य फॅरनहाइटवर (सुमारे उणे १८ सेल्सिअस) किंवा त्याखाली गेला त्या दिवसाचा एक गुण, आणि जमिनीवर १५ इंच (३८ सेंमी) किंवा जास्त बर्फ असलेल्या दिवसाचा एक गुण. एका दिवसाला जास्तीत जास्त दोन. बेरीज १०० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १८० च्या वर गेली तर कडक. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये बर्फाची अट १८ इंच आहे, मोजणी १ डिसेंबर ते ३० एप्रिल अशी होते आणि गुणांची पट्टीही वेगळी. त्यामुळे दोन राज्यांचे आकडे तक्त्यावर शेजारीशेजारी लावू नका.

हे आपल्या पीक पैसेवारीसारखं आहे: ढोबळ, पण निर्णय घ्यायला पुरेसं. खातरजमा होते ठावठिकाणा कळवणारे रेडिओ-गळपट्टे लावलेल्या हरणांवरून. वायोमिंगच्या पश्चिम भागात २०२२-२३ च्या हिवाळ्यात अभ्यासासाठी गळपट्टे लावलेल्या म्यूल हरणांपैकी पाडसं जवळपास सगळी आणि मोठ्या माद्या निम्म्याहून जास्त गेल्या. तिथे त्या वर्षी परवाने कापले ते याच आधारावर.

मालवणी_मिरी

हरणां उपाशी मरतत तर मको टाकूचो, सोपा. आमी गुरांका पेंड घालतो मां? ह्यां कित्याक करनत नाय?

खूर_आणि_शिंग (पशुवैद्यक)

मिरीताई, हाच विचार करून तिकडचे लोक दर हिवाळ्यात पोती रिकामी करतात, आणि पोटात मका गच्च भरलेली मेलेली हरणं सापडतात.

रवंथ करणाऱ्या जनावराचं अन्न पचवतात ते पोटाच्या पहिल्या कोठ्यातले जिवाणू. हिवाळ्यात हे जिवाणू काष्ठमय डहाळ्या पचवायला सरावलेले असतात. अचानक दोन-तीन किलो मका गेला की पिष्टावर वाढणारे जिवाणू फोफावतात आणि लॅक्टिक आम्ल ओततात. कोठ्याचा सामू सहाच्या आसपास असतो तो पाचाखाली येतो, आतली त्वचा भाजते, अंगातलं पाणी कोठ्यात ओढलं जातं. जनावर डगमगतं, बसतं, आणि एक ते तीन दिवसांत जातं. त्यातून वाचलेल्याचे खूर बिघडतात. जिवाणूंना नव्या खाण्याशी जुळायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मूठमूठ वाढवत नेलं तर चालतं. रानात मूठमूठ कोण घालणार?

कोकणात हे कुणाला नवं नाही. जूनमध्ये पडलेले पिकलेले फणस खाऊन गाय आडवी होते, किंवा लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात खाऊन बैल. तोच आजार.

दुसरं कारण रोगाचं. चारा टाकला की हरणं एकाच जागी तोंडाला तोंड लावून खातात. उत्तर अमेरिकेत हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे, प्रिऑन या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा. लाळ, मूत, शेण यांतून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, औषध नाही, लस नाही, लागण झालेलं जनावर वाचत नाही. २०१६ मध्ये तो नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्येही सापडला. म्हणून तिथे कितीतरी ठिकाणी हरणांना चारा घालायलाच बंदी आहे. वायोमिंगमध्ये एल्क या मोठ्या हरणांना शंभरावर वर्षं सरकारी खर्चानं गवत घातलं जातंय. तिथे चाऱ्याच्या जागी ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा रोग ठाण मांडून बसला आणि आता सवय मोडायची तर कळप उपाशी. एकदा सुरू केलेलं थांबवता येत नाही, हा त्यातला खरा पेच.

गाणकाठ (मुरुड)

चौथ्या प्रश्नाचं: सड्यावरचा, पावसाळ्याचा अंदाज चुकला. पावसाळा म्हणजे त्यांची चंगळ. जुलैत जमिनीपासून हाताच्या उंचीवर कोवळा पाला, सड्यावर गवत, प्रत्येक वहाळाला पाणी. त्रास असतो तो जळवा-गोचिडांचा, पण त्यानं संख्या घटत नाही.

आपल्या रानाचा हिवाळा म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत. जांभ्या दगडाचा सडा पाणी धरत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून नोव्हेंबरात गवत पिवळं, जानेवारीत काडी. वहाळ आटत जातात. तिकडे चरबीचा साठा संपतो तसा इकडे एप्रिल-मेमध्ये संपतो. या दिवसांत सांबराच्या कमरेची हाडं आणि शेपटीजवळची खळगी लांबूनही दिसते.

फरक दोन आहेत. पहिला, आपल्याकडे मधेमधे उसनवारी मिळते: थंडीत आवळा, फेब्रुवारीत सावरीची फुलं, मग उंबर, मेअखेर जांभळं. भेकर तर खाली पडलेल्या फळाफुलांवरच बरंचसं भागवतं, म्हणून रानातलं एक उंबर तोडणं हे तिकडे गोठणीतली झाडं तोडण्यासारखं आहे. दुसरा फरक विणीचा. उत्तरेकडच्या हरणांची सगळी पाडसं मे-जूनच्या एका झटक्यात जन्मतात, त्यामुळे एक वाईट हिवाळा अख्खी पिढी पुसतो. भेकर वर्षभर कधीही विते, गाभण राहण्याचा काळ सुमारे सात महिने. म्हणून एखादा वाईट उन्हाळा गेला तरी सगळी पिढी जात नाही.

भेकराला बर्फ मात्र अजिबात झेपत नाही. त्याचा चिनी भाऊ इंग्लंडात नेऊन सोडलेला आहे, तिथे १९६२-६३ च्या लांबलेल्या हिवाळ्यात तो मोठ्या संख्येनं मेला. अंग लहान, त्यामुळे ऊब लवकर निसटते, आणि पायही आखूड. भारतात खऱ्या अर्थानं हिवाळ्याशी झुंजणारं हरीण बघायचं तर काश्मीरचा हंगूल. उन्हाळ्यात तो दाचीगामच्या वरच्या कुरणांत असतो, हिवाळ्यात खालच्या दाचीगामात उतरतो.

तक्त्यासाठी एक सूचना. पिसोरीला ‘सर्वांत लहान हरीण’ लिहू नका. ते खरं हरीण नाही, त्याला शिंगंच येत नाहीत. चौशिंगाही हरणात मोडत नाही, त्याची शिंगं गळत नाहीत. सांबर आणि भेकर ही खरी हरणं, दोघांचीही शिंगं गळून पुन्हा येतात.

आता शिकार. तिकडे हंगाम बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात उरकतो. हरणं गोठणीत अडकलेली असताना बंदूक चालवायची नाही, हा त्यातला शहाणपणा. वायोमिंगच्या पश्चिम भागात तर हिवाळा संपेपर्यंत रानात पडलेली शिंगं गोळा करायलाही बंदी असते. माणूस दिसला की जनावर पळतं, आणि पळण्याची चरबी त्याच्याकडे नसते.

आपल्याकडे उलटं. एप्रिल-मेमध्ये पाणी दोन-चार जागीच उरतं, सगळी जनावरं तिथे येणार हे ठाऊक असतं, आणि चोरटी शिकार तिथेच होते. ठासणीची बंदूक घेऊन झाडावर बसणं किंवा वाटेवर गाडीच्या क्लचच्या तारेचा फास. फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तिथे पाण्याच्या जागांना ‘गाण’ म्हणतात. मे महिन्यात गस्त कुठे घालायची, तर गाणांवर.

मुलांना कायदा सांगाल तेव्हा नेमका सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नं शिकार बंद आहे, आणि ‘शिकार’ या शब्दात फास लावणं, हाका करणं, आमिष दाखवणं आणि नुसता प्रयत्नही येतो. शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना म्हणजे भेकर मारायचा परवाना नव्हे. रानात सांबराचं गळालेलं शिंग मिळालं तर तेही सरकारी मालमत्ता: ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं, दिवाणखान्यात लावायचं नाही.

सड्यावरचा

गाणकाठ, पावसाळा खोडला. तिसरा प्रश्न राहिला की. आणि उन्हाळ्याचंच खरं असेल तर शाळेच्या मागच्या सड्यावर पाणवठा बांधला तर उपयोग होईल का?

रानवाट

तिसऱ्याचं उत्तर ‘दोन्ही खरं’ असं आहे, कधी कोणतं ते बघायचं.

साधा हिवाळा आणि रानात गर्दी असेल, तर अन्न ठरावीकच. शरदात काही माद्या आणि पाडसं मारली गेली, तर त्यांच्या वाटचा पाला उरलेल्यांना मिळतो. जी मार्चमध्ये भुकेनं जाणार होती त्यांतलीच काही नोव्हेंबरात गेली, असा हिशेब जुळतो. पण खोल बर्फाचा हिवाळा गर्दी बघत नाही. दहा हरणं असोत की शंभर, पाडसं मरणारच. अशा वर्षी गोळीनं मेलेलं प्रत्येक हरीण बर्फानं मेलेल्यांत भर घालतं. म्हणून कडक हिवाळ्यानंतर पहिली कात्री माद्यांच्या परवान्यांना लागते. नर कमी झाले तरी उरलेले सगळ्या माद्यांना पुरतात, मादी गेली की पुढच्या पाच-सात वर्षांची पाडसं जातात. मिनेसोटात १९९५-९६ आणि १९९६-९७ असे लागोपाठ दोन हिवाळे कडक गेले, तेव्हा एकदा घसरलेली संख्या सावरायच्या आधीच दुसरा तडाखा बसला.

शिकाऱ्याला फरक कळतो तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात: पहिल्यांदा शिंग फुटलेले दीड वर्षाचे नर दिसतच नाहीत, कारण ते मागच्या हिवाळ्यात पाडस होते. ती पोकळी मग वयाबरोबर वर सरकत राहते.

टोकाची दोन उदाहरणं तक्त्यावर शोभतील. अलास्काच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले. लांडगे नाहीत, शिकारही नसल्यासारखीच. १९५७ मध्ये १,३५०, १९६३ मध्ये ६,०००. दगडफुलाचा हिवाळी चारा चरून संपला होता, त्यात १९६३-६४ चा हिवाळा आला. १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. उलटं उदाहरण जपानच्या होक्काइडोचं. १८७० च्या दशकात कातडी आणि मांसासाठी सिका हरणांची बेसुमार शिकार चालू होती, त्यावर १८७९ ची प्रचंड हिमवृष्टी झाली आणि ती नामशेष व्हायच्या बेताला आली. एकीकडे शिकार नव्हती म्हणून, दुसरीकडे होती म्हणून. बर्फ दोन्हीकडे होतंच.

गाणकाठ (मुरुड)

पाणवठ्याचं. जागा वनखात्याची असेल तर आधी वनपालाला भेटा, परस्पर बांधू नका. आणि शाळेच्या मागे नकोच. माणसांची आणि कुत्र्यांची वर्दळ तिथे जास्त, आणि भेकराला बिबट्याच्या खालोखाल भीती मोकाट कुत्र्यांची.

आकार बशीसारखा: व्यास ३ मीटर, मधोमध खोली ३० सेंमी. यात सुमारे हजार लिटर पाणी मावतं आणि उतार इतका सौम्य राहतो की पाडस, साळिंदर, ससा कुणीही आत पडलं तरी चालत बाहेर येतं. सरळ भिंतीची टाकी बांधली की आठवड्याला एक मेलेला प्राणी काढावा लागतो. गिलावा खडबडीत ठेवायचा, घोटायचा नाही, नाहीतर शेवाळ धरल्यावर खूर घसरतात. मेमध्ये नुसत्या उन्हानं रोज ४०-५० लिटर उडतात, त्यामुळे प्यायलेलं धरून आठवड्याला दोनदा भरायची तयारी असेल तरच हात घाला. एप्रिलमध्ये सवय लावून मेमध्ये टँकर बंद केला तर न बांधलेलं बरं. आठवड्यातून एकदा रिकामा करून काथ्याच्या ब्रशनं घासायचा, ब्लीचिंग पावडर नाही. एका बाजूला झुडूप हवं, दुसरी बाजू मोकळी.

भरायला जाताना येणाऱ्या वाटा बघायच्या. कुंपणाच्या फटीत किंवा दोन झाडांमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर तारेचं वेटोळं दिसलं तर हात न लावता फोटो काढा आणि १९२६ वर फोन करा. तार काढून टाकली तर पुरावा जातो आणि लावणारा चार हात पुढे दुसरी लावतो. पाणवठ्याचा फोटो जागेच्या नावासकट समूहांवर टाकू नका, एवढी मेहेरबानी करा.

खूर_आणि_शिंग (पशुवैद्यक)

पाणवठ्यापेक्षा स्वस्त काम सांगतो: बिनकठड्याच्या विहिरी. मेमध्ये वासानं पाण्याकडे आलेलं भेकर रात्री विहिरीत जातं. जांभ्याचे चिरे लावून तीन फुटांचा कठडा करा, तोवर निदान बांबूचा ताटवा आणि जाळी.

पडलंच, तर गर्दी हटवा आणि वनखात्याला कळवा. तोवर आधाराला झाडाची जाड फांदी किंवा केळीचे खांब बांधून सोडा, म्हणजे पोहून दमणार नाही. चारही पाय बांधून वर ओढू नका. पकडताना झटापट झाली की स्नायू आतून फुटतात, आणि धडधाकट दिसणारं भेकर सोडल्यावर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांनी मरतं. बाहेर आल्यावर डोळ्यांवर जाड फडकं, सावली, शांतता. कुशीवर आडवं टाकू नका, उरावर बसवा, नाहीतर पोट फुगून श्वास कोंडतो. तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. मोबाइलचे दिवे आधी बंद करा.